जुन्या युनिक्स टर्मिनलवर अक्षरे बिघडली तर

जुने टर्मिनल सुरू केले, पडद्यावर काहीतरी उमटले, पण वाचता येत नाही. किंवा वाचता येते, पण प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथूनच सुरू होते आणि मजकूर जिना उतरल्यासारखा उजवीकडे सरकत जातो. किंवा सगळे ठीक असताना अचानक लहान अक्षरांच्या जागी कोपरे आणि रेघा दिसू लागतात. अशा वेळी पहिला हात केबलकडे जातो आणि दुसरा वीज बंद करायच्या बटणाकडे. दोन्ही हात जरा थांबवा. माझ्या अनुभवात यातला फार थोडा भाग खऱ्या बिघाडाचा असतो. बाकी सगळा तीन ठिकाणच्या सेटिंगमधला बेबनाव असतो.

ती तीन ठिकाणे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा शोध त्यांच्यावरच उभा आहे. पहिले ठिकाण टर्मिनलच्या पोटात आहे. वेग, बिट, पॅरिटी (अक्षर नीट पोचले का ते तपासायला जोडलेला जादा बिट), ओळ आपोआप मोडायची की नाही, टॅब कुठे थांबायचा, हे सगळे टर्मिनल स्वतःच्या सेट-अपमध्ये साठवते. दुसरे ठिकाण युनिक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, टीटीवाय (टर्मिनल) ड्रायव्हर. तुमची कळ आणि प्रोग्राम यांच्या मधे तो बसलेला असतो आणि जाता-येता अक्षरे बदलतो. त्याच्याशी बोलायची कमांड म्हणजे एसटीटीवाय. तिसरे ठिकाण प्रोग्रामची समजूत: व्हीआयसारखा एडिटर टर्म नावाच्या व्हेरिएबलमध्ये बघतो आणि समोर कोणते यंत्र आहे ते ठरवतो. समजूत चुकली की तो एका यंत्राची भाषा दुसऱ्या यंत्राशी बोलतो.

लेखात कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि रोमन आकड्यांनी टाइप करायच्या. अक्षरांची नावे सलग आली, जसे एसटीटीवाय, तर ती तेवढी चार अक्षरे. सेन, इको, रीसेट असा शब्द आला तर त्याचे नेहमीचे इंग्रजी स्पेलिंग. सेन म्हणजे शहाणा या अर्थाचा शब्द. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

आधी प्रथमोपचार

चालू असलेले टर्मिनल मधेच बिघडले असेल तर सेट-अपला हात लावू नका. कालपर्यंत नीट चालणारी पॅरिटी आज दुपारी आपोआप बदलत नाही. एखादा प्रोग्राम अर्धवट मेला असेल किंवा कुणीतरी बायनरी फाइल कॅट केली, म्हणजे थेट पडद्यावर ओतली असेल.

पडदा गोठला असेल तर सगळ्यात आधी कंट्रोल-क्यू दाबा. कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू कर’. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण संचात, ही अनुक्रमे १९ आणि १७ क्रमांकाची अक्षरे आहेत. सेव्ह करायची सवय असलेला हात नकळत कंट्रोल-एस दाबतो आणि टर्मिनल मेल्यासारखे वाटते. डेक कंपनीच्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर ‘नो स्क्रोल’ नावाची स्वतंत्र कळ हेच काम करते, व्हीटी-२२०वर एफ-१, म्हणजे ‘होल्ड स्क्रीन’. तीही एकदा दाबून बघा. बीएसडी या युनिक्सच्या एका घराण्याच्या प्रणालीवर आणखी एक गोष्ट असते: कंट्रोल-ओ दाबले गेले तर कर्नल बाहेर जाणारा मजकूर फेकून देतो. कमांड चालते, उत्तर मात्र दिसत नाही. पुन्हा कंट्रोल-ओ दाबले की उत्तर दिसू लागते.

यानंतर हे टाइप करा:

कंट्रोल-जे
एसटीटीवाय सेन
कंट्रोल-जे

एंटर न दाबता कंट्रोल-जे का, हे महत्त्वाचे आहे. एंटरची कळ कॅरेज रिटर्न पाठवते, म्हणजे १३. शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, ओळ संपल्याची खूण म्हणून लाइन फीड लागते, म्हणजे १०. हा बदल एरवी टीटीवाय ड्रायव्हर करतो. व्हीआय मधेच मेला आणि तो बदल बंदच राहिला, तर तुम्ही कितीही एंटर दाबा, शेलपर्यंत ओळ पोचतच नाही. पडद्यावर फक्त वर टोक असलेली खूण आणि मोठा एम दिसतो. कंट्रोल-जे थेट १० पाठवते. पहिले कंट्रोल-जे आधी साचलेला कचरा संपवते, दुसरे तुमची कमांड पोचवते. टाइप केलेले दिसत नसेल तरी टाइप करा. अक्षरे दिसत नाहीत याचा अर्थ ती पोचत नाहीत असा नाही.

काही ठिकाणी सेनने डिलीट किंवा बॅकस्पेसची कळ बदलते. मग मागे खोडायला गेलात तर पडद्यावर टोकाची खूण आणि एच उमटतो. त्यावर इलाज:

एसटीटीवाय इरेज, जागा सोडून कंट्रोल-एच

टर्मिनलची खोडायची कळ १२७ पाठवत असेल तर कंट्रोल-एचच्या जागी तीच कळ दाबा. जुन्या सिस्टिम-फाइव्हवर (युनिक्सचे दुसरे घराणे) मात्र सावध राहा: तिथे १२७ हे अक्षर बहुधा चालू काम तोडण्यासाठी राखलेले असते. खोडायला गेलात आणि प्रोग्रामच बंद पडला, तर कारण हे. आधी एसटीटीवाय इंटर, जागा सोडून कंट्रोल-सी असे करून तोडण्याची कळ वेगळी करा, मग इरेज बदला.

रेघा आणि कोपरे

हा प्रकार बघणाऱ्याला सगळ्यात जास्त घाबरवतो आणि दुरुस्त मात्र सगळ्यात सहज होतो. एलएस या कमांडला वजा-एल देऊन फाइलींची यादी मागितली की पहिल्या ओळीत टोटल हा शब्द येतो. त्याच्या जागी उभ्या रेघेला उजवीकडे फाटा फुटलेली खूण, वर चिकटलेली आडवी रेघ, पुन्हा तोच फाटा, मग ठिपक्यांचा चौकोन आणि शेवटी डावा वरचा कोपरा दिसला, तर निदान तिथेच झाले. टी, ओ, टी, ए, एल ही पाच अक्षरे चौकटी काढण्याच्या संचातून छापली जात आहेत. त्या यादीतले आकडे आणि मोठी अक्षरे मात्र शाबूत असतील, कारण हा संच लहान अक्षरांच्या आणि आसपासच्या थोड्या खुणांच्या जागाच वापरतो. आकडे नीट आणि लहान अक्षरे गेली, एवढे दिसले की वेग, पॅरिटी, केबल यांचा विचार सोडून द्या.

झाले असे असते: टर्मिनलकडे जी-झीरो आणि जी-वन अशा दोन जागा असतात आणि प्रत्येक जागेवर एक अक्षरसंच बसवता येतो. चौकटी काढणारा प्रोग्राम जी-वनवर रेघांचा संच बसवतो. नंतर आस्कीचे १४वे अक्षर आले की टर्मिनल जी-वनवर जाते, १५वे आले की परत जी-झीरोवर येते. बायनरी फाइलमध्ये १४ आले आणि १५ आलेच नाही, तर टर्मिनल तिकडेच राहते. त्याला १५ पाठवायचे:

इको, मग एकेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ आणि ०१७

०१७ हे १५चेच आठाच्या पायातले रूप. सिस्टिम-फाइव्हच्या इकोला ही खूण कळते. बीएसडीच्या इकोला कळत नाही. तिथे प्रिंटएफ असेल तर तो वापरा, नाहीतर इको, जागा, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-ओ असे दाबून एंटर करा. नुसते कंट्रोल-ओ दाबून उपयोग नाही. ते संगणकाकडे जाते. टर्मिनलला हवे ते संगणकाकडून आलेले.

एवढ्यानेही रेघा गेल्या नाहीत, तर जी-झीरोवरच रेघांचा संच बसला आहे. मग हे:

इको, अवतरणात उलटी तिरकी रेघ, ०३३, उघडा कंस, मोठा बी

०३३ म्हणजे एस्केप. कंस आणि बी मिळून टर्मिनलला सांगतात, जी-झीरोवर साधी आस्की बसव. हे सगळे आंधळेपणाने टाइप करावे लागते, कारण तुमचीच कमांड पडद्यावर रेघांत दिसेल. बोटांवर भरवसा ठेवा. बिघाड फक्त दाखवण्यात आहे. कळफलक बरोबर तेच कोड पाठवत आहे.

याच जातीचे आणखी दोन त्रास. सगळा मजकूर उलट रंगात किंवा ठळक छापला जात असेल तर टीपुट एसजीआर-० (एस, जी, आर आणि शून्य सलग). पडद्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागातच ओळी सरकत असतील तर सरकण्याची हद्द कुणीतरी बांधून सोडून दिली आहे. ०३३, उघडा चौकोनी कंस आणि लहान आर इको केले की पूर्ण पडदा परत मिळतो. सगळ्यावर एकच रामबाण हवा असेल तर ०३३ आणि लहान सी. व्हीटी-१०० आणि तिच्या वंशात यामुळे टर्मिनल वीज देऊन नुकते सुरू केल्यासारखे होते. मी तो शेवटी ठेवतो, कारण त्याने लक्षणही पुसले जाते आणि कारण कधीच कळत नाही.

सुरुवातीपासूनच वाचता येत नसेल तर

इथे उलट दिशेने जायचे: आधी टर्मिनल, मग तार, मग कर्नल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी ती लिहून ठेवा. सेट-अपच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढला तर उत्तम.

पहिली पायरी: टर्मिनल लोकल करा. व्हीटी-१००वर सेट-अप कळ दाबली की सेट-अप-ए दिसते. तिथे ४ दाबले की ऑनलाइन आणि लोकल यांत अदलाबदल होते. व्हीटी-२२०वर एफ-३ दाबून मेनूत लोकल निवडा. आता टाइप करा. संगणकाशी संबंध तुटलेला असल्यामुळे जे दिसेल ते निव्वळ टर्मिनलचे. अक्षरे स्वच्छ दिसली तर कळफलक, पडदा आणि अक्षरे काढणारा भाग ठीक आहेत. पडदा पूर्ण काळा असेल तर आधी प्रकाश वाढवा. व्हीटी-१००वर सेट-अप-एमध्ये वरचा बाण दाबून तो वाढतो. पाठीमागचे झाकण मात्र उघडू नका. काचेच्या नळीत वीज बंद केल्यावरही जीवघेणा विद्युतदाब उरतो.

दुसरी पायरी: टर्मिनल पुन्हा ऑनलाइन करा, तार संगणकाकडून काढा आणि तिच्या मोकळ्या टोकाला २ आणि ३ क्रमांकाच्या पिना जोडा. २५ पिनांच्या आरएस-२३२ जोडणीत २ वरून अक्षरे जातात, ३ वरून येतात. आता टाइप केलेले प्रत्येक अक्षर वळसा घालून परत यायला हवे. प्रत्येक अक्षर दोनदा आले तर टर्मिनलचा लोकल इको चालू आहे. तो बंद करा. काहीच आले नाही तर तार किंवा पोर्ट बघा.

तिसरी पायरी वेगाची. ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, इथून सुरुवात करा. वेग चुकला असेल तर एकही अक्षर ओळखू येत नाही, आणि येणाऱ्या खुणांची संख्याही जुळत नाही. टर्मिनल संगणकापेक्षा वेगवान लावले असेल तर एका अक्षराच्या जागी अनेक खुणा येतात, मंद लावले असेल तर कमी. लॉगिनच्या पडद्यावर असाल तर ब्रेकची कळ दाबून बघा. लॉगिन विचारणारा गेटी नावाचा प्रोग्राम ब्रेक आला की यादीतला पुढचा वेग लावतो; सिस्टिम-फाइव्हवर ही यादी ईटीसी डिरेक्टरीतल्या गेटीडेफ्स फाइलमध्ये असते. दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर लॉगिन हा शब्द स्वच्छ आला तर संगणकाचा वेग तोच. मग वेग नक्की करा, ब्रेकच्या भरवशावर रोजचे काम चालवू नका.

लॉगिन या शब्दात पॅरिटी वाचा

अर्धी अक्षरे नीट आणि अर्धी वेडीवाकडी, असे असेल तर वेग बरोबर आहे आणि पॅरिटी चुकली आहे. हे निदान लॉगिन या एकाच शब्दावरून करता येते, म्हणून ते सविस्तर सांगतो.

एल म्हणजे आस्कीत १०८. दोनच्या पायात लिहिले तर ११०११००, त्यात चार एक. ओ १११, त्यात सहा एक. आय १०५, त्यात चार. तिन्हीत एकांची संख्या सम. जी १०३, ११००१११, पाच एक. एन ११०, ११०१११०, तेही पाच. या दोघांत विषम.

संगणक सात बिट आणि सम पॅरिटी पाठवतो आहे असे धरा. सम पॅरिटीत आठवा बिट असा ठेवतात की एकूण एकांची संख्या सम व्हावी. एल, ओ, आय यांना काही जोडायची गरज नाही, त्यांचा आठवा बिट ०. जी आणि एन यांचा आठवा बिट १. टर्मिनल मात्र आठ बिट, पॅरिटी नाही असे लावले आहे, म्हणून ते आठवा बिटही अक्षराचाच भाग समजते. १०३ मध्ये १२८ मिळवले की २३१, आणि व्हीटी-२२०च्या बहुभाषी संचात २३१ म्हणजे खाली शेपूट असलेला सी. ११० चे होतात २३८, म्हणजे डोक्यावर टोपी घातलेला आय. तेव्हा पडद्यावर एल, ओ, शेपटीचा सी, आय, टोपीचा आय असे दिसते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा कधी विसरत नाही.

उलट परिस्थितीत, म्हणजे संगणक आठ बिट पाठवतो आणि टर्मिनल सात बिट व सम पॅरिटी धरून बसले आहे, तेव्हाही नेमके जी आणि एनच फसतात; फक्त तिथे टर्मिनल चूक पकडते आणि आपली चूक-खूण छापते. व्हीटी-१००वर ती ठिपक्यांचा चौकोन असते, व्हीटी-२२०वर उलटे फिरवलेले प्रश्नचिन्ह. एल, ओ, आय फसले आणि जी, एन वाचले, तर विषम पॅरिटीचा संशय घ्या.

एका जुन्या यंत्रावर मी सकाळपासून दुपारपर्यंत तार तपासत बसलो होतो. सोल्डर पुन्हा केला, कनेक्टर बदलला. शेवटी पडद्यावरच्या शब्दातली बिघडलेली अक्षरे कागदावर उतरवून त्यांचे बिट मोजले आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. तेव्हापासून तारेला हात लावण्याआधी मी कागद घेतो.

हा बेबनाव इतका सर्रास का आढळतो, त्यालाही कारण आहे. गेटीडेफ्समध्ये सेन असा शब्द लिहिलेला असला तर सिस्टिम-फाइव्ह त्यात सात बिट आणि पॅरिटी हेही धरते. टर्मिनले मात्र बहुतेक जण आठ बिटांवर लावतात. इलाज दोनपैकी एक. टर्मिनल सात बिट, सम पॅरिटीवर आणा. फक्त इंग्रजी मजकूर असेल तर ते पुरते. नाहीतर संगणक आठ बिटांवर आणा:

एसटीटीवाय सीएस८ वजा-पॅरेनबी वजा-आयस्ट्रिप

सीएस८ म्हणजे आठ बिट. पॅरेनबी सहा अक्षरांचे: पी, ए, आर, ई, एन, बी. त्याचा अर्थ पॅरिटी चालू करा, वजा लावल्याने बंद. आयस्ट्रिप म्हणजे आय आणि पुढे स्ट्रिप सलग. तो चालू राहिला तर येणाऱ्या अक्षराचा आठवा बिट कर्नल कापून टाकतो. ‘वजा’ म्हणजे चिन्ह शब्दाला चिकटवून टाइप करायचे. हा बदल लॉगिनपुरता टिकतो. कायमचा हवा तर गेटीडेफ्समधल्या त्या ओळीत करावा लागतो, आणि बदललेली फाइल मूळ जागी ठेवण्याआधी गेटी वजा-सी आणि फाइलचे नाव देऊन ती तपासता येते. तिथे चूक राहिली तर कुठूनच लॉगिन होणार नाही, म्हणून दुसरा टर्मिनल आधी लॉगिन करून उघडा ठेवा.

जिना, दुहेरी ओळी, मोठी अक्षरे

जिन्यासारखा उतरणारा मजकूर म्हणजे कर्नल लाइन फीडच्या आधी कॅरेज रिटर्न घालत नाही. एसटीटीवाय ओपोस्ट ओएनएलसीआर, एवढे पुरते. प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येत असेल तर उलट: काम दोघेही करत आहेत. टर्मिनलच्या सेट-अपमध्ये ऑटो लाइन फीड चालू असेल, ते बंद करा. सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जात असतील तर लाइन फीड कुणीच देत नाही. दुहेरी अक्षरांचे सांगून झाले. अक्षरेच दिसत नसतील तर एसटीटीवाय इको.

सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत येतो आणि काही अक्षरांपुढे उलटी तिरकी रेघ दिसते, यात भुताटकी काही नाही. १९६३च्या टेलिटाइप मॉडेल-३३ला लहान अक्षरेच नव्हती. लॉगिनचे नाव मोठ्या अक्षरांत आले की गेटी समजते, समोर असेच यंत्र आहे, आणि सगळे मोठ्या अक्षरांत छापायला लागते. कॅप्स लॉक दाबलेला राहिला होता, एवढेच. सोपा मार्ग म्हणजे कॅप्स लॉक काढून लॉगआउट करा आणि नाव लहान अक्षरांत द्या. सत्र मोडायचे नसेल तर एसटीटीवाय वजा-एलकेस: एल आणि केस सलग.

व्हीटी-१००वर हॅश चिन्हाच्या जागी पाउंडाचे चिन्ह दिसत असेल तर सेट-अप-बीमधल्या तिसऱ्या गटाचा पहिला स्विच बघा. आणि पडद्यावर चौकोनी कंस, एच, २जे असे तुकडे छापलेले दिसत असतील तर त्याच पानावरच्या दुसऱ्या गटाचा तिसरा स्विच आधी तपासा. तो व्हीटी-५२ या आधीच्या टर्मिनलच्या बाजूला असेल तर टर्मिनलला आन्सी या प्रमाण पद्धतीचे आदेश कळतच नाहीत. सेट-अप-बीवर जाण्यासाठी ५, स्विच बदलण्यासाठी ६, साठवण्यासाठी शिफ्ट-एस. साठवायला विसरलात तर वीज गेल्यावर जुनेच सेटिंग परत येईल.

कॅट नीट, व्हीआय वेडावाकडा

साधा मजकूर व्यवस्थित दिसतो, पण व्हीआय उघडला की कर्सर भलत्याच जागी जातो, तर तार आणि कर्नल यांची चौकशी संपली. आता टर्म बघा:

इको, डॉलरचे चिन्ह आणि लगेच टर्म, चारही अक्षरे मोठी

उत्तर डंब, अननोन, नेटवर्क किंवा डायलअप असे आले तर युनिक्सला तुमचे यंत्र माहीतच नाही. बोर्न शेलमध्ये टर्म, बरोबरचे चिन्ह आणि व्हीटी१०० सलग लिहा, मग एक्सपोर्ट टर्म. सी शेलमध्ये सेटएन्व्ह टर्म व्हीटी१००. आजच्या संगणकावरच्या एम्युलेटरमधून (टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून) जुन्या युनिक्सवर जात असाल तर एम्युलेटर स्वतःचे नाव एक्सटर्म किंवा त्याचा २५६ रंगांचा अवतार असे सांगतो, जे जुन्या यादीत नसते. तिथेही व्हीटी१०० किंवा व्हीटी२२० सांगा. जवळपास सगळे एम्युलेटर ती भाषा बोलतात.

नाव यादीत आहे का ते तपासायचे. बीएसडीवर ही यादी ईटीसी डिरेक्टरीतली टर्मकॅप नावाची एकच लांबलचक फाइल असते. बिल जॉय यांनी व्हीआयसाठी ही पद्धत बनवली. सिस्टिम-फाइव्हवर टर्मइन्फो नावाची डिरेक्टरी, तिच्यात नावाच्या पहिल्या अक्षराच्या उपडिरेक्टरी, व्हीमध्ये व्हीटी१००. मग लहानशी परीक्षा घ्या. टीपुट क्लिअर दिल्यावर पडदा पुसला गेला पाहिजे. टीपुट सीयूपी १० २० दिल्यावर कर्सर अकराव्या ओळीत, एकविसाव्या स्तंभात गेला पाहिजे, कारण मोजणी शून्यापासून होते. दोन्ही जमले तर समजूत बरोबर आहे.

उंची आणि रुंदी हा वेगळा विषय. व्हीटी-१००चा पडदा २४ ओळी आणि ८० स्तंभांचा. सिरियल तारेवरून पडद्याचा आकार संगणकाला कळत नाही, तो सांगावा लागतो:

एसटीटीवाय रोज २४ कॉलम्स ८०

रोज म्हणजे ओळी या अर्थाचा शब्द. फार जुन्या युनिक्समध्ये एसटीटीवायला हे कळत नाही. तिथे आकार टर्मकॅपमधूनच येतो. लाइन्स आणि कॉलम्स अशी व्हेरिएबल कुणी प्रोफाइलमध्ये लिहून ठेवली असतील तर ती इतर सगळ्यांवर मात करतात. तेव्हा आकार बदलूनही व्हीआय जुन्याच मापाने चालत असेल तर तिथे शोधा.

आता शेवटच्या स्तंभाची गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात नाजूक वाटते. व्हीटी-१००वर ८०वे अक्षर छापले की कर्सर लगेच खालच्या ओळीत जात नाही. तो ८०व्या स्तंभावरच थांबतो आणि पुढचे अक्षर आले तरच खाली उतरतो. त्यामुळे बरोबर ८० अक्षरांची ओळ आणि मागोमाग नवी ओळ असे आले तरी मधे रिकामी ओळ पडत नाही. टर्मइन्फोमध्ये या स्वभावाला एक्सईएनएल अशी खूण आहे. काही नकला मात्र ८०वे अक्षर पडताच खाली उतरतात. अशा यंत्रावर व्हीटी१०० सांगितले की व्हीआय लांब ओळींच्या फाइलमध्ये एका ओळीने चुकतो आणि लहान ओळींच्या फाइलमध्ये अगदी शहाण्यासारखा वागतो. लक्षण कधी येते, कधी येत नाही, म्हणून माणूस तारेवर संशय घेतो. आधी सेट-अपमध्ये ऑटो रॅप चालू आहे का बघा. ते बंद असेल तर लांब ओळीची सगळी अक्षरे ८०व्या स्तंभात एकमेकांवर छापली जातात. तेही ठीक असेल तर स्वतःची नोंद बनवा: इन्फोसीएमपी व्हीटी१०० चे उत्तर एका फाइलमध्ये घ्या, वरचे नाव बदला, एक्सईएनएल काढून टाका आणि टीआयसी कमांडला ती फाइल द्या. प्रशासकाचे अधिकार नसतील तर टर्मइन्फो या व्हेरिएबलमध्ये, मोठ्या अक्षरांत, आपल्या घरातल्या डिरेक्टरीचा रस्ता आधी द्या.

अक्षरे गळत असतील, विशेषतः पडदाभर मजकूर भराभर येताना, तर टर्मिनलला दम लागतो आहे. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे येतात, म्हणजे ८० गुणिले २४चा पूर्ण पडदा दोन सेकंदांत. स्मूद स्क्रोल चालू असेल तर व्हीटी-१०० सेकंदाला साधारण सहाच ओळी सरकवू शकते. सेट-अपमध्ये ऑटो एक्सऑन चालू करा आणि युनिक्समध्ये एसटीटीवाय आयएक्सऑन. दोन्ही हवेत. टर्मिनल ‘थांब’ म्हणाले आणि कर्नलने ऐकलेच नाही तर काय उपयोग. तरी गळती राहिली तर जम्प स्क्रोल लावा.

टॅबचे स्तंभ सरकत असतील तर एसटीटीवाय वजा-टॅब्स. मग कर्नल टॅबऐवजी जागा पाठवतो आणि टर्मिनलचे थांबे कुठेही असले तरी फरक पडत नाही.

जुने टर्मिनल नव्या लिनक्सला जोडले असेल तर आणखी एक गोष्ट. नवी प्रणाली मजकूर यूटीएफ-८मध्ये पाठवते आणि वळणदार अवतरणासारख्या एका खुणेसाठी तीन बाइट येतात. व्हीटी-२२०ला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात: पहिली टोपीचा ए म्हणून छापली जाते, उरलेल्या दोन नियंत्रण-आदेशांच्या जागी पडतात. एलसी, अधोरेघ, ऑल (सगळी अक्षरे मोठी), बरोबरचे चिन्ह आणि मोठा सी असे लिहून एक्सपोर्ट करा, मग कमांडची माहिती देणारी मॅन पानेही साध्या आस्कीत येतील.

सगळे जुळले की एसटीटीवाय वजा-जी चे उत्तर एका फाइलमध्ये साठवा. ती लांब सांकेतिक ओळ परत एसटीटीवायला दिली की कर्नलची सगळी सेटिंग जशीच्या तशी येतात. पडदा पूर्ण अडकला तर दुसऱ्या टर्मिनलवरूनही दुरुस्त करता येतो: सिस्टिम-फाइव्हवर एसटीटीवाय सेन, मग ‘पेक्षा लहान’चे चिन्ह आणि त्या टीटीवायचा रस्ता, जुन्या बीएसडीवर तेच, पण ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, कारण तिथे एसटीटीवाय आउटपुटकडे बघते. आणि वेग, बिट, पॅरिटी, टर्मचे नाव, ऑटो रॅप, एक्सऑन अशा सहा नोंदी कागदावर लिहून टर्मिनलच्या बाजूला चिकटवा. या यंत्रांतली सेटिंग साठवणारी चिप म्हातारी झालेली असते. एखाद्या सकाळी ती सगळे विसरते, आणि तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो.